भोकांची शोभा आणि बिडाचे वजन

माझ्या लिहिण्याच्या मेजावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला एक बिडाचा तुकडा आहे. भाकरीच्या चतकोराएवढा त्याचा आकार, पृष्ठभागावर ओळीने पाडलेली भोके, आणि त्यांपैकी तीन भोकांना एकमेकांशी जोडीत थेट बाहेरच्या कडेपर्यंत गेलेली, केसाहून थोडी जाड अशी एक काळी रेषा. ती रेषा म्हणजे चीर. ज्या ब्रेकच्या चकतीतून हा तुकडा कापून काढला, ती माझ्या भाच्याच्या मोटारीच्या पुढच्या डाव्या चाकात बसवलेली होती. ती चिरली तेव्हा मोटार शर्यतीच्या मार्गावर ताशी दोनशे किलोमीटरांच्या आसपास धावत होती. आणि आत माझा भाचा एकटा होता. तेव्हा पुढे जे लिहिणार आहे त्यामागे यंत्रविद्येच्या आवडीबरोबर एका मामाची काळजीही आहे, हे आरंभीच नमूद केलेले बरे.

चेन्नईहून बंगळूरच्या रस्त्याला लागले की श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे इरुंगट्टुकोट्टई येथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ३.७ किलोमीटरांचा शर्यतीचा मार्ग लागतो. पूर्वी शोलावरमच्या जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर होणाऱ्या शर्यती १९९० पासून येथे होऊ लागल्या. शर्यती नसतील अशा दिवशी शुल्क भरून, शिरस्त्राण घालून, स्वतःची मोटार तेथे वेगाने चालवण्याची मुभा हौशी चालकांना मिळते, आणि त्यासाठी पुण्या-मुंबईकडची माणसेही मोटारी ट्रकवर चढवून तेथवर नेतात. सार्वजनिक रस्त्यावर, दुसऱ्याच्या लेकराबाळांच्या अंगावरून वेगाची हौस भागवण्यापेक्षा हा मार्ग सर्वथा योग्य, असे माझे मत असल्यामुळे भाच्याने ही दोन आसनांची जर्मन मोटार घेतली तेव्हा मी हरकत घेतली नाही. उलट, आयुष्याची एकतीस वर्षे कोल्हापूरच्या ओतकामाच्या धंद्यात काढली असल्यामुळे त्याच्याबरोबर जाऊन चाकांपाशी बसण्याचे काम आपण होऊन अंगावर घेतले.

त्या दिवशी तिसऱ्या फेरीला तो बाहेर पडला आणि नेहमीच्या वेळेच्या आधीच संथ गतीने परत आला. खिडकीची काच खाली करून म्हणाला, ‘‘मामा, ब्रेक दाबला की पेडल पायाला ठोके देतंय.’’ चाक निवेपर्यंत थांबून ते उतरवले, विजेरीच्या उजेडात चकती हळूहळू फिरवीत तिच्यावरून अंगठ्याचे नख ओढीत गेलो, आणि एका जागी नख अडकले. तापून-निवून बिडाच्या पृष्ठभागावर बारीक जाळी उमटते, ती नखाला लागत नाही व तिचे भय बाळगण्याचे कारण नसते. परंतु नख अडकले, आणि त्यातही चीर कडेपर्यंत पोहोचलेली दिसली, की त्या चकतीवर आणखी एक फेरीही मारू नये, असा या कामातल्या माणसांचा दंडक आहे. आणखी पाच-सहा वेळा ब्रेक दाबला गेला असता तर काय झाले असते, याचा विचार मी पुढे अनेक रात्री केला.

ती चकती मोटारीच्या कारखान्याची मूळची नव्हती. मूळच्या चकत्या झिजल्यावर भाच्याने एका विक्रेत्याकडून, त्याचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही, ‘खास ट्रॅकसाठी’ म्हणून मागवलेली ती जोडी होती. चाकाच्या आऱ्यांमधून तिची भोके फार देखणी दिसत, आणि मोटार पाहायला येणारा प्रत्येक जण खाली वाकून त्यांचे कौतुक करी. माझे सारे गाऱ्हाणे त्या कौतुकाविषयी आहे. चकतीचे जे अंग डोळ्यांना दिसते त्यावरून आपण तिची निवड करतो, आणि जे अंग प्राण वाचवते ते तिच्या पोटात, घासल्या जाणाऱ्या दोन पाळ्यांच्या मधल्या पोकळीत व तिच्या एकंदर वजनात दडलेले असल्यामुळे, त्याची विचारपूस करण्याचे आपल्याला सुचतच नाही.

गॅरेजात जिला डिस्क आणि विक्रेत्यांच्या पावत्यांवर रोटर म्हणतात, त्या चकतीचे काम एका वाक्यात सांगायचे तर धावत्या मोटारीची गती उष्णतेत बदलून ती काही क्षण स्वतःजवळ सांभाळणे आणि मग वाऱ्याच्या स्वाधीन करणे, हे होय. चालकासह दीड टन वजनाची मोटार सरळ मार्गाच्या शेवटी ताशी २०० किलोमीटरांवरून ८० वर आणायची झाली तर साडेतीन-चार सेकंदांत सुमारे १९ लाख जूल एवढ्या ऊर्जेची विल्हेवाट लावावी लागते. एवढ्या उष्णतेत माठातले सहा लिटर पाणी उकळू लागेल. या ऊर्जेचा मोठा वाटा पुढच्या दोन चाकांवर पडतो. तो दोन-तृतीयांश धरला आणि पुढची प्रत्येक चकती दहा किलो वजनाची मानली, तर ढोबळ हिशेबाने एका दाबासरशी तिचे तापमान १३० ते १४० अंशांनी वर चढते. पुढचे वळण येईपर्यंत त्यातले थोडेच उतरते, तोवर पुन्हा पेडलवर पाय पडतो, आणि अशा रीतीने चार-पाच फेऱ्यांत चकती पाचशे-सहाशे अंशांच्या घरात जाऊन बसते. आता याच हिशेबात दहा किलोंच्या जागी साडेआठ किलो घालून पाहावे. तीच मोटार, तोच वेग, तेच वळण, आणि प्रत्येक दाबाला तापमानाचा चढ मात्र वीस-पंचवीस अंशांनी जास्त. चकतीचे वजन ही अशी उष्णतेची तिजोरी आहे, आणि भोके पाडून आपण तिच्यातलेच द्रव्य काढून घेत असतो.

हे द्रव्य म्हणजे करडे बीड. आपल्या घरातला बिडाचा तवा ज्या कुळातला, त्याच कुळातली ही चकती. तव्याला तापायला वेळ लागतो, पण एकदा तापला की घावनामागून घावन घातले तरी तो निवत नाही, आणि तापल्या तव्यावर गार पाणी ओतले की तो तडकतो, हे ज्या गृहिणीला ठाऊक आहे तिला चकतीचे निम्मे शास्त्र ठाऊक आहे. बिडात तीन ते चार टक्के कर्ब असतो आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या नाजूक पापुद्र्यांच्या रूपाने धातूभर विखुरलेला असतो. हे पापुद्रे उष्णता झपाट्याने वाहून नेतात, कंप शोषून घेतात, आणि म्हणूनच पोलादापेक्षा सर्वच बाबतींत दुबळे समजले जाणारे बीड या एका कामात पोलादाला मागे टाकते. मात्र ताण सोसण्याची शक्ती त्याच्यात थोडी. जेथे कोपरा, खाच किंवा भोक असेल तेथे ताण एकवटतो, आणि तापणे-निवणे या नित्याच्या ओढाताणीत चीर जन्माला यायची ती अशाच ठिकाणी. ओतकामाच्या भट्टीपाशी उभ्या राहिलेल्या कोणाही माणसाला हे सांगावे लागत नाही.

परत आल्यावर मी ती फुटकी चकती व तिच्या जागी पूर्वी असलेली मूळची झिजकी चकती, अशा दोन्ही भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवल्या. मूळची, दोन वर्षे झिजूनसुद्धा, १० किलो २०० ग्रॅम भरली; नवी, जेमतेम एक दिवस चाललेली, ८ किलो ७०० ग्रॅम. मग दोन्ही घेऊन कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात एका जुन्या परिचिताच्या कारखान्यात गेलो आणि करवतीवर त्यांचे काप काढले. मूळच्या चकतीच्या दोन पाळ्या सारख्या जाडीच्या, त्यांना जोडणाऱ्या मधल्या पाती दाट आणि मागे कललेल्या बाकदार. नवीची आतली पाळी बाहेरच्या पाळीहून अंगठ्याला जाणवेल इतकी पातळ, पाती सरळ व विरळ, आणि ओतताना आतल्या पोकळीचा साचा, म्हणजे कोअर, सरकल्याची खूण स्पष्ट. काप हातात घेऊन तेथले वयोवृद्ध मिस्त्री बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, ‘‘सायेब, ह्यात बीड कुठं हाय? भोकंच इकल्यात की तुमास्नी.’’ एकतीस वर्षांच्या अनुभवानंतरही वजन पाहावे हे मला विकत घेण्याच्या आधी सुचले नाही, याची खंत अजून गेलेली नाही. काटा तर माझ्याच गल्लीत होता.

भोकांना इतिहास आहे आणि त्यांच्याशी न्यायाने वागायचे तर तो सांगितला पाहिजे. १९५३ साली ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत टोनी रोल्ट व डंकन हॅमिल्टन यांनी जॅग्वार सी-टाइप मोटार पहिली आणली, तेव्हा तिच्या चारी चाकांना डनलॉपने तयार केलेले डिस्क ब्रेक होते आणि इतरांचे ड्रम ब्रेक जेथे तापून निकामी होत तेथे ही मोटार वळणाच्या अगदी तोंडाशी जाऊन मग ब्रेक लावू शकत होती. पुढे वेग वाढले, चकतीला दोन्ही बाजूंनी दाबणारे पॅड तापू लागले; त्या काळच्या पॅडमधील राळ व अन्य बंधक द्रव्ये अति उष्णतेने जळून त्यांचा वायू होई आणि पॅड व चकती यांच्यामध्ये त्याचा पातळ थर साचून ब्रेक घसरत. त्या वायूला वाट देण्यासाठी भोके आली. आजच्या चांगल्या पॅडमध्ये हा दोष नाममात्र उरला आहे, म्हणजे ज्या रोगासाठी औषध काढले तो रोग गेला, आणि औषध मात्र शोभेसाठी चालू राहिले.

भोकांचा एक उपयोग अद्याप खरा आहे. पावसात चकतीवर पाण्याचा पडदा धरतो व पहिल्या दाबाला ब्रेक क्षणभर उशिरा लागतो. भोकांमुळे तो पडदा लवकर फाटतो. आषाढात वरंधा किंवा आंबोलीचा घाट उतरणाऱ्या मोटारीला भोकांच्या चकत्या असल्या तर माझी तक्रार नाही, कारण तेथे चकती सहाशे अंशांना जात नाही. ‘आमच्या मोटारसायकलच्या चकतीलाही भोके असतात, ती कोठे फुटते?’ असे मला एका तरुणाने विचारले होते, आणि प्रश्न रास्त होता. मोटारसायकलची चकती पोलादाची, एकपदरी आणि उघड्या वाऱ्यात फिरणारी; तिला थांबवायचे वजन स्वारासकट दोन-अडीचशे किलो. दीड टनाच्या मोटारीला ते गणित लावता येत नाही.

यापेक्षा बलवत्तर पुरावा खुद्द एका मोटारीच्या कारखान्यानेच देऊन ठेवला आहे. पोर्शे कंपनीची ९९१ पिढीतील ९११ जीटी३ ही मोटार रस्त्यासाठी विकली जात असे तेव्हा तिला ३८० मिलिमीटर व्यासाच्या, भोके असलेल्या बिडाच्या चकत्या येत. त्याच मोटारीवरून केवळ शर्यतीसाठी बांधलेल्या जीटी३ कप या मोटारीच्या पुढच्या चाकांनाही ३८० मिलिमीटरांच्याच चकत्या होत्या, पण त्यांवर भोके नव्हती. आडवे बाकदार चर होते. एकाच घरातल्या या दोन मोटारी. एकीने शर्यतीत दिवसेंदिवस राबावे अशी अपेक्षा, दुसरीने रस्त्यावर शोभून दिसावे आणि अधूनमधून शर्यतीच्या मार्गावर जावे. मी तर म्हणेन की ज्याला संशय असेल त्याने या दोन चकत्यांची चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. जीटी३ घेऊन वारंवार शर्यतीच्या मार्गावर जाणारे अनेक मालक मूळच्या चकत्या झिजल्यावर चरांच्या चकत्यांकडे वळतात, ते याच कारणाने.

चर म्हणजे आरपार न जाणारी उथळ खाच. ती पॅडचा पृष्ठभाग खरवडून ताजा ठेवते, वायू व धूळ बाहेर काढते, आणि चकतीच्या द्रव्यात फारशी घट करीत नाही. मोबदल्यात पॅड थोडे लवकर उतरतात आणि ब्रेक लावताना घरघर ऐकू येते. चर नको असेल तर अगदी सपाट चकतीही चालते, आणि अंगी बीड भरपूर व ओतकाम निर्दोष असेल तर ती स्वस्तातली सपाट चकती देखण्या भोकांच्या चकतीहून शतपटींनी बरी. चरांच्या दिशेविषयी मात्र एक गैरसमज फार पसरला आहे. डाव्या-उजव्या बाजूंची चकती ओळखताना लोक वरच्या चरांचा कल पाहतात. पाहायचा असतो तो पोटातल्या पातींचा कल. बाकदार पाती चक्राच्या गतीच्या उलट दिशेला, मागे झुकलेल्या असल्या म्हणजे चकती पंख्यासारखी मधून हवा ओढते व परिघावर फेकते. उलटी बसवली तर तो पंखा मंदावतो. ज्या विक्रेत्याने बाकदार पातींच्या चकतीला डाव्या व उजव्या बाजूसाठी एकच क्रमांक दिला असेल, त्याला याचा खुलासा विचारावा.

खर्चाची तयारी असेल त्याने दोन भागांची चकती घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्यात घासले जाणारे कडे बिडाचे असते आणि चाकाच्या माथ्यावर बसणारी टोपी ॲल्युमिनियमची; दोन्ही एकमेकांना लहान लहान गुटक्यांनी अशी जोडलेली असतात की कड्याला किंचित हालचालीची मोकळीक राहावी. या मोकळिकीचे महत्त्व आकड्यात सांगतो. ३८० मिलिमीटर व्यासाचे बिडाचे कडे पाचशे अंशांनी तापले की त्याचा व्यास सुमारे दोन मिलिमीटरांनी वाढतो. एकसंध चकतीत मधली टोपी थंड राहते व कड्याला मोकळे पसरू देत नाही. मग कडे बशीसारखे एका अंगाला कलते, पॅड तिरके झिजतात आणि पेडल खोल जाऊ लागते. दोन भागांच्या चकतीत कडे हवे तसे पसरते व निवल्यावर जागेवर येते. टोपी हलकी असल्यामुळे जे वजन वाचते ते कड्याच्या बिडात घालता येते, आणि कडे झिजल्यावर टोपी तशीच ठेवून नुसते कडे बदलता येते. थंड असताना ती थोडी खडखडते, तेवढे सोसावे.

सिरॅमिक चकत्यांविषयी मला नेहमी विचारले जाते. कर्बतंतू आणि सिलिकॉन कार्बाइड यांच्या त्या चकत्या पोर्शेने २००१ साली ९११ जीटी२ बरोबर रस्त्यावर आणल्या. त्या बिडाच्या निम्म्या वजनाच्या, गंज न लागणाऱ्या, आणि रस्त्यावरच्या वापरात वर्षानुवर्षे टिकणाऱ्या. शर्यतीच्या मार्गावरच्या सततच्या उष्णतेत मात्र त्यांतील कर्बतंतू हळूहळू जळतात, आणि बदलायची वेळ आली की एक लहानशी नवी मोटार येईल एवढा खर्च समोर उभा राहतो. ज्याला दर हिवाळ्यात चेन्नई गाठायची आहे त्याने बिडाशी इमान राखावे.

आता विक्रेत्यांकडे वळतो, कारण माझी मागणी त्यांच्याकडे आहे. या चकत्यांच्या जाहिरातींत भोकांची संख्या, वरच्या मुलाम्याचा रंग, पेटीवरचे चित्र असा सर्व तपशील असतो, वजन नसते. पातींची संख्या व आकार नसतो. बिडाची प्रत नसते. चकती किती झिजेपर्यंत वापरावी ती किमान जाडी तरी तिच्यावर कोरलेली असली पाहिजे, तर तीही काही चकत्यांवर सापडत नाही. युरोपात बदली चकत्यांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या आर-९० नियमाखालील मान्यतेची वहिवाट आहे आणि मान्यतेचा क्रमांक चकतीवरच उमटवलेला असतो. आपल्याकडे चकती घेतानाही तो आहे का, हे पाहण्याची सवय लागली पाहिजे. ती मान्यता रस्त्याच्या वापरासाठी असते, शर्यतीची हमी ती देत नाही, तथापि ज्याने आपला माल तेवढ्या कसोटीलाही उतरवला नाही त्याच्यावर इतबार ठेवण्याचे कारण मला दिसत नाही. शेरभर साखर घेताना आपण काट्याकडे नजर ठेवतो. ज्या वस्तूची सारी योग्यता तिच्या वजनात आहे, ती वस्तू वजन न सांगता विकली जावी आणि घेणाऱ्याने ते विचारूही नये, ही रीत मोडलीच पाहिजे, आणि ती ग्राहकाने विचारल्यावाचून मोडणार नाही.

चकती उत्तम निवडली तरी तिच्याबरोबरच्या दोन गोष्टींत कसूर झाली तर ती निवड वाया जाते. त्यांतली पहिली गोष्ट ब्रेक ऑइल. डॉट ४ जातीचे ताजे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. तेच हवेतली ओल शोषून घेतल्यावर १५५ अंशांनाही उकळू शकते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल तळाला जाते. आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत पावसाळा काढलेले ऑइल तसेच घेऊन शर्यतीच्या मार्गावर कोणी जाऊ नये. दुसरी गोष्ट नव्या चकतीवर पॅड बसवणे. मध्यम वेगावरून हळूहळू जोर वाढवीत दहा-बारा वेळा ब्रेक लावून, मधे पूर्ण न थांबता, पॅडच्या द्रव्याचा एकसारखा पातळ लेप चकतीवर चढू द्यायचा आणि मग तिला फिरत्या वाऱ्यात निवू द्यायचे. तापलेल्या मोटारीचे ब्रेक दाबून धरून उभे राहिले की त्या एका जागी लेप जाड बसतो व पेडल थरथरू लागते. गॅरेजात ‘डिस्क वाकडी झाली’ म्हणून जी चकती खरडायला काढतात, ती बहुतेक वेळा वाकडी नसतेच, तिच्यावर लेप ठिकठिकाणी साचलेला असतो.

या डिसेंबरात आम्ही पुन्हा इरुंगट्टुकोट्टईला जाऊन आलो. नव्या चकत्या दोन भागांच्या, चर असलेल्या, डाव्या-उजव्या वेगवेगळ्या क्रमांकांच्या होत्या. मागवण्याआधी भाच्याने विक्रेत्याला पत्र लिहून नुसत्या कड्याचे वजन विचारले होते. उत्तर यायला नऊ दिवस लागले, पण आकडा आला. पेट्या आल्या त्या संध्याकाळी बसवण्यापूर्वी दोन्ही कडी टोप्यांपासून सुटी करून तो त्याच भंगारवाल्याच्या काट्यावर घेऊन गेला. एक ९ किलो ६४० ग्रॅम, दुसरे ९ किलो ६३० ग्रॅम. ते आकडे त्याने मोटारीच्या दप्तरात, तारीख घालून, ऑइल बदलल्याच्या नोंदीखाली लिहून ठेवले आहेत.